विम्याचे पत्र आणि दवाखान्याची खाट

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला उभे केले, की तो पगारवाढ, बोनस आणि टाळेबंदी यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती खोटी आहे असे नाही. पण आज आम्ही त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. आम्ही बोलणार आहोत आजारपणावर, आणि आजारपणासाठी समाजाने बाजूला काढून ठेवलेल्या पैशावर. हा पैसा कोणाकडून घेतला जातो, कोठे साठतो आणि शेवटी कोणाच्या दारात जाऊन पडतो, याला आपल्या देशात ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास डॉक्टरांना थोडा ठाऊक आहे, सरकारी खात्यांना थोडा ठाऊक आहे. पण ज्याच्या नावावर हा सारा व्यवहार चालतो, त्या कष्टकऱ्याला तो कोणी सांगितलेला नाही.

विषय सुचला तो येथेच, गुलमंडीवर. टिळक पथावरून कापडाचे गठ्ठे वाहणारा एक हमाल आमच्या ओळखीचा आहे. सुपारी हनुमानाजवळ चहा घेताना त्याने आम्हाला विचारले, “भाऊ, कार्ड पाच लाखाचं हाय म्हणता. मंग बायकोच्या शुगरच्या गोळ्या मला उधारीवर का आणाव्या लागतात?” आम्ही त्याला म्हटले की सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात. तो म्हणाला, “मिळतात, पण अर्धा दिवस मोडतो. अन्‌ कधी असतात, कधी नसतात.” आम्ही तीस वर्षे कामगारांना हक्क समजावून सांगत आलो, पण त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. पुढे जे सांगणार आहोत ते त्या उत्तराच्या शोधात जमविलेले आहे. आम्ही शाळा अर्ध्यावर सोडलेले आहोत. जे वाचले ते रात्रीच्या पाळीनंतर वाचले. तेव्हा मांडणीत पांडित्य नसेल, हिशेब मात्र असेल.

विम्याची कल्पना प्रथम राज्यकारभारात आणली ती जर्मनीच्या बिस्मार्कने, १८८३ साली. कामगाराच्या मजुरीतून थोडा भाग, मालकाकडून थोडा भाग, असा निधी करायचा आणि आजारपणात त्यातून औषध व रोजी द्यायची. बिस्मार्क हा काही कामगारांचा कैवारी नव्हता. समाजवादी पक्ष वाढू नये, हा त्याचा हेतू होता. पण हेतू काहीही असला तरी रीत टिकली. १९११ साली इंग्लंडने तशाच धर्तीचा कायदा केला. त्यात कामगाराला डॉक्टर मिळाला, पण त्याच्या बायकोला आणि मुलांना मिळाला नाही. कारण वर्गणी कामगाराची होती, बायकोची नव्हती. विम्याच्या रचनेतले मूळचे वैगुण्य येथेच दिसते. विमा आधी विचारतो, वर्गणी कोणाची? आणि नंतर विचारतो, आजार कोणाला?

आपल्या देशात १९२३ साली कामावर अपघात झाल्यास भरपाई देण्याचा कायदा झाला. १९२९ साली मुंबई इलाख्याने कामगार स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा केला; त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते. त्याच वर्षी कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी रॉयल कमिशन नेमले गेले. ना. म. जोशी त्याचे सभासद होते. १९३१ सालच्या अहवालात कमिशनने आजारपणाच्या विम्याचा प्रश्न पुढे आणला. त्यानंतर दहा-बारा वर्षे प्रांतिक सरकारे, मध्यवर्ती सरकार आणि मालकांचे संघ यांच्यात कागद फिरत राहिले. खर्च कोणी सोसायचा, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोसायला कोणीच तयार नव्हते.

महायुद्धाने हा कोंडलेला प्रश्न मोकळा केला. १९४२ साली इंग्लंडात बेव्हरिजचा अहवाल निघाला आणि जगभर त्याची चर्चा झाली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ च्या मार्चमध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले, आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अहवाल सादर केला. आडारकर हे अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी स्वप्न रंगविले नाही; जे उद्या सकाळी सुरू करता येईल तेवढेच सांगितले. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज व धातू हे तीन उद्योग त्यांनी निवडले. वर्गणी सक्तीची ठेवली. कायम, तात्पुरते आणि नैमित्तिक असे कामगारांचे तीन वर्ग पाडून प्रत्येकाचा विचार केला. रोजंदारीचा माणूस त्यांच्या हिशेबातून सुटलेला नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण रचनेचा पाया एकच होता: जेथे हजेरीपत्रक आहे तेथून वर्गणी कापता येते, म्हणून तेथून आरंभ करायचा.

योगायोग असा, की त्याच सुमारास दुसरी एक समिती वेगळ्याच वाटेने चालली होती. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली ती नेमली गेली. हे भोर आपल्या नाशिकचे. तेथेच त्यांचा जन्म झाला. १९४६ साली या समितीचा अहवाल बाहेर पडला. पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हे त्याचे पहिले तत्त्व होते. त्यासाठी वर्गणीची वाट न पाहता सरकारने कराच्या पैशातून दवाखाने उभारावेत, आणि तेही आधी खेड्यात, असे समितीने सांगितले. तिच्या दूरच्या योजनेत दर दहा ते वीस हजार वस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे एक रुग्णालय होते. लगेच करावयाच्या योजनेत दर चाळीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र होते.

हे दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, अशी आमची शिफारस आहे. आडारकरांनी विचारले, पैसा कोणाकडून घ्यायचा? भोरांनी विचारले, डॉक्टर कोठे बसवायचा? दोन्ही प्रश्न खरे होते आणि दोन्हींची उत्तरे एकमेकांना जोडायला हवी होती. नुसता पैसा गोळा केला आणि डॉक्टर नसला, तर कामगाराच्या हाती पावती राहते. नुसते दवाखाने बांधायचे ठरविले आणि पैसा दिला नाही, तर गावाच्या हाती कुलूप लावलेली इमारत राहते. आपल्या देशाने दोन्ही अहवालांतले अर्धे अर्धे घेतले, आणि आपल्याला पावतीही मिळाली आणि कुलूपही मिळाले.

आधी पावतीचा इतिहास पाहू. राज्य कामगार विम्याचा कायदा १९४८ च्या एप्रिलमध्ये मंजूर झाला. त्या वेळी आपले हे शहर, तेव्हाचे औरंगाबाद, निजामाच्या राज्यात होते. मुक्तिसंग्राम चालू होता आणि १७ सप्टेंबर उजाडायला पाच महिने होते. कायद्याच्या चर्चेत मराठवाड्याचा कोणी माणूस नव्हता. असता तर त्याने कारखान्याच्या व्याख्येतला एक शब्द धरून ठेवला असता. तो शब्द म्हणजे ‘हंगामी’. वीज किंवा वाफ वापरणारा आणि वीस किंवा अधिक माणसे कामाला लावणारा कारखाना विम्याखाली आला. पण हंगामी कारखाना त्यातून वगळला. हंगामी कोणते, याची यादी कायद्यातच आहे. कापसाचे जिनिंग, कापसाचे प्रेसिंग, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, साखर आणि गूळ, चहा, कॉफी, नीळ, लाख, रबर.

ही यादी ऐकून श्रोत्यांच्या ध्यानात आले असेल. जालना, सेलू, परभणी, नांदेड या गावांची ओळख कोणत्या धंद्याने होती? सरकी आणि रुईच्या धंद्याने. मराठवाड्याला पुढे कोणता कारखाना लाभला? साखरेचा. म्हणजे जो उद्योग आमच्या पदरात होता, नेमका तोच यादीत लिहून बाहेर ठेवलेला होता. आपल्या शहरात १८८९ साली कापडगिरणी निघाली होती हे खरे. पण एका गिरणीने प्रदेश होत नाही. हिमरू विणणारा घरी बसून विणत होता. त्याच्यापाशी ना हजेरीपत्रक, ना वीस माणसे. यादी करणाऱ्यांनी हे द्वेषाने केले असे आम्ही म्हणणार नाही. चार महिन्यांच्या कामातून बारा महिन्यांच्या आजाराची वर्गणी कशी कापायची, हा त्यांच्यापुढचा अवघड प्रश्न होता. परंतु अवघड प्रश्न सोडवण्याऐवजी तो माणूसच वगळावा, हा मार्ग त्यांनी पत्करला, एवढे तरी म्हटलेच पाहिजे. आणि पुढचे ऐका. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात वीसची अट उतरून दहावर आलेली आहे; पण ‘हंगामी कारखाना सोडून’ हे शब्द तसेच आहेत. देश स्वतंत्र झाला, मराठवाडा मुक्त झाला, महाराष्ट्र राज्य झाले. जिनिंगचा मजूर मात्र १९४८ साली ज्या रेषेबाहेर होता तेथेच आहे.

योजनेचा प्रत्यक्ष आरंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे झाला. कानपूरला पंडित नेहरूंनी उद्घाटन केले. आरंभी सुमारे एक लाख वीस हजार कामगार तिच्यात होते. १९५४ साली ती मुंबईत आली. मुंबईत सरकारने नवे दवाखाने बांधण्याऐवजी गिरणगावातल्या खाजगी डॉक्टरांची यादी केली आणि कामगाराने त्यांतला एक निवडावा अशी सोय केली. यालाच पॅनेलची पद्धत म्हणत. सुरुवातीला उपचार फक्त कामगाराला होते. कुटुंबाला ते १९५८ पासून मिळू लागले. म्हणजे इंग्लंडने १९११ साली केलेली चूक आपणही सहा वर्षे करून पाहिली.

या योजनेने काही केले नाही, असे कोणी म्हणाले तर आम्ही त्याच्याशी भांडू. आजारपणाच्या रजेत रोजीचा भाग मिळतो, हे आमच्या बापजाद्यांनी ऐकलेलेही नव्हते. क्षयाने खंगणाऱ्या माणसाला घरी पैसे येत राहिले, अपंग झालेल्याला निर्वाहवेतन मिळाले, प्रसूत स्त्रीला पगार मिळाला. ही मिळकत लहान नाही. पण पैशाच्या वाटपात एक गाठ आरंभापासून बसली. वर्गणी जमा होते ती मध्यवर्ती महामंडळाकडे. दवाखाने चालवायचे ते बहुतेक ठिकाणी राज्य सरकारने. उपचारांच्या खर्चाचे आठ भाग केले तर सात महामंडळाचे आणि एक राज्याचा, तोही ठरविलेल्या मर्यादेपर्यंत. तिजोरी एका घरी आणि चूल दुसऱ्या घरी. डॉक्टरची जागा रिकामी राहिली तर ती भरण्याची घाई ज्याला असावी त्याच्यापाशी पैसा नाही, आणि ज्याच्यापाशी पैसा आहे त्याच्या दारात रुग्ण उभा नाही. याचा परिणाम असा झाला, की देशभर अनेक दवाखान्यांत डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असताना निधी मात्र खर्चापेक्षा वेगाने वाढत गेला. १ जुलै २०१९ पासून वर्गणीच कमी करण्यात आली. मालकाची पावणेपाच टक्क्यांवरून सव्वातीनवर आली आणि कामगाराची पावणेदोनवरून पाऊण टक्क्यावर. हाती चार पैसे जास्त आले म्हणून कामगारही खूश झाला. पण पैसा उरतो आहे याचा अर्थ गरज भागली, असा होत नाही; पैसा गरजेपर्यंत पोचला नाही, असाही होतो.

आता आमच्या घरच्या चुकीबद्दल. चिकलठाण्याची वसाहत साठाच्या दशकात उभी राहिली, वाळूजची ऐंशीच्या दशकात; आणि खेड्यातून आलेल्या हजारो तरुणांना पहिल्यांदा हजेरीपत्रकावर नाव मिळाले. चिकलठाण्याला राज्य कामगार विम्याचे रुग्णालय झाले. या विम्याला पगाराची एक मर्यादा असते. १९४८ च्या कायद्यात ती महिना ४०० रुपये होती, १९९७ साली ६,५०० झाली, २०१७ च्या जानेवारीत २१,०००. पगार या रेषेच्या वर गेला की माणूस विम्याबाहेर जातो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही वाळूजच्या एका कारखान्यात करार केला. कामगारांची मागणीच होती, की पगार रेषेच्या वर न्या आणि आम्हाला खाजगी दवाखान्याचा मेडिक्लेम मिळवून द्या. मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ साली आला आणि तो चांगल्या नोकरीचे चिन्ह मानला जाऊ लागला होता. आम्ही ते मिळवून दिले. गुलाल उधळला गेला. आम्हीही हार घातले.

त्या दिवशी आम्ही काय केले, हे आम्हाला फार उशिरा कळले. ज्यांचा आवाज मोठा होता, ज्यांच्या मागे संघटना होती, ज्यांनी दवाखान्याच्या दारात उभे राहून डॉक्टरला जाब विचारला असता, तेच लोक आम्ही दवाखान्यातून बाहेर काढले. मागे उरले कंत्राटी, शिकाऊ, नवखे. ज्यांना तक्रार केली तर उद्या फाटकातून आत घेणार नाहीत. ज्या दवाखान्यात केवळ दुबळे जातात, तो दवाखाना दुबळाच राहतो. आणि मेडिक्लेमचे काय झाले? कारखान्याने पुढे काम कमी केले; लोकांनी पन्नाशीत स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नोकरीबरोबर मेडिक्लेमही संपला. आजार वाढण्याच्या वयात त्यांच्या हाती काही उरले नाही. त्यांतले काही अजून आम्हाला भेटतात. कोणी दोष देत नाही. पण दोष आमचा आहे, हे या व्यासपीठावरून सांगितले पाहिजे. आम्ही पगाराचा आकडा मोजला, दवाखान्याच्या खाटा मोजल्या नाहीत.

आता कुलपाचा इतिहास, म्हणजे भोरांच्या अर्ध्या अहवालाचा. १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. आज सपाटीच्या प्रदेशात तीस हजार वस्तीमागे एक केंद्र असा दंडक आहे आणि केंद्रात सहाच्या आसपास खाटा. भोरांचे पंचाहत्तर कोठे आणि हे सहा कोठे! मराठवाड्याच्या वाट्याला त्यातल्या त्यात एक मोठी गोष्ट आली; १९५६ साली आपल्या शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याचे रुग्णालय, ज्याला आपण सगळे ‘घाटी’ म्हणतो, ते उभे राहिले. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा, अहिल्यानगर येथून आजही रुग्ण घाटीत येतात. घाटीने किती जीव वाचवले याची मोजदाद नाही. परंतु पाच-सहा जिल्ह्यांची माणसे एका दारात येतात याचा अर्थ हाही आहे, की त्यांच्या वाटेवरची अनेक दारे बंद असतात. साऱ्या देशाचा विचार केला तर २०२१-२२ साली केंद्र व राज्य सरकारे मिळून आरोग्यावर जो खर्च करीत होती, तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के गाठण्याचे ठरविले होते.

या पार्श्वभूमीवर २०१२ साली महाराष्ट्र सरकारने विम्याची नवी वाट धरली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मराठवाड्याचा एकच जिल्हा होता, नांदेड. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती साऱ्या राज्यात आली. येथे वर्गणी माणसाकडून घ्यायची नव्हती. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांचा हप्ता सरकार भरणार होते. हजेरीपत्रकाची अट गेली. हमाल, मोलकरीण, बिगारी, सारे आत आले. ही गोष्ट आमच्या मते १९४८ नंतरची सर्वांत मोठी होय. २०१५ साली मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकेचे शेतकरीही घेतले गेले. त्यांत आपला जिल्हा होता. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने पाच लाखांची आयुष्मान भारत योजना काढली, १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या. आणि २०२३ च्या शासननिर्णयाने राज्यातील सर्वच कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरून २०२४ साली त्याचा अंमल सुरू झाला.

आता हमालाच्या प्रश्नाकडे येण्यासाठी थोडे गणित करू. आरंभी संरक्षण दीड लाखाचे होते, आणि सरकार दर कुटुंबामागे विमा कंपनीला वर्षाला ३३३ रुपये देत होते. दीड लाखाला ३३३ ने भागा, साडेचारशे येतात. म्हणजे साडेचारशे कुटुंबांच्या हप्त्यातून एका कुटुंबाचा पुरता खर्च निघतो. यात फसवणूक नाही, सगळाच विमा असा चालतो; सगळे एकाच वर्षी आजारी पडत नाहीत, हा त्याचा आधार आहे. पण आपण दोन आकड्यांची गल्लत करू नये. दीड लाख हा हक्काचा आकडा होता. ३३३ हा तरतुदीचा आकडा होता. दीड लाखाचे पाच लाख झाले हे फलकावर लिहिले जाते. कुटुंबामागे प्रत्यक्षात किती रुपये बाजूला ठेवले गेले आणि ते कोणत्या तालुक्यात खर्च झाले, हे फलकावर लिहीत नाहीत. वाटप समजते ते या दुसऱ्या आकड्यावरून.

आणि हा पैसा वाहतो कसा? आपल्या शहराला मलिक अंबरची नहर ठाऊक आहे. डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणले, ही केवढी करामत! पण नहरेचे पाणी जेथे नळ गेला त्या मोहल्ल्यालाच मिळाले. नहर शहरात आली म्हणून प्रत्येक घराचा रांजण भरला नाही. विम्याचे तसेच आहे. योजनेचा पैसा उपचार झाल्यावर रुग्णालयाला मिळतो. म्हणजे जेथे रुग्णालय आहे, शस्त्रक्रियेची सोय आहे, भूलतज्ज्ञ आहे, तेथेच तो जाणार. आपल्या शहरात अशी अंगीकृत रुग्णालये आहेत. म्हणून पैसा येथे येईल. सोयगावला किंवा पाटोद्याला ज्याच्या घराजवळ असे रुग्णालय नाही, त्याच्या नावाचे कार्ड आहे, त्याच्या नावाचा हप्ता आहे; पण त्या हप्त्यातून त्याच्या तालुक्यात खाट उभी राहत नाही. सरकारी रुग्णालयेही योजनेत आहेत आणि केलेल्या उपचारांचे पैसे त्यांना मिळतात. पण जे रुग्णालय आधीच भरलेले आणि माणसांवाचून अडलेले, ते कागद पुरे करण्यात खाजगीच्या मागे पडते. ज्याच्यापाशी आहे त्याला आणखी मिळते, हा बाजाराचा नियम आहे, आणि विम्याने आपण तो आरोग्याला लावला आहे.

दुसरी गोष्ट. योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, ठरविलेल्या उपचारांसाठी आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगावरचे उपचार, मूत्रपिंडाचे डायलिसिस; हे गरिबाला पूर्वी स्वप्नातही शक्य नव्हते आणि आज होते आहे. ज्यांच्या घरात असे झाले त्यांचे अश्रू आम्ही पाहिले आहेत; त्या उपकाराचे मोल कमी करणार नाही. पण मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, रक्तदाबाची तपासणी, मुलाचा ताप, यांना ती योजना नाही. गोळी मिळाली नाही म्हणून पुढे मूत्रपिंड निकामी झाले, की मग योजना आहे. पाण्याचा थेंब थांबवायला पैसा नाही आणि भिंत कोसळली की लाख रुपये मंजूर! २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. त्या बायांची गरज काय होती? फडावर संडास, पाळीच्या दिवसांत विश्रांती, हाताशी एखादी परिचारिका आणि स्वस्तातले औषध. हे त्यांना कोणी दिले नाही. शस्त्रक्रिया करणारा मात्र भेटला. आरोग्याचा पैसा आणि सोय चुकीच्या टोकाला साचली म्हणजे काय होते, याचा यापेक्षा कडू दाखला आम्हाला ठाऊक नाही. आणि या बाया कोण? हंगामी धंद्याच्या. १९४८ च्या यादीतली साखर येथपर्यंत पोचते.

कोणी म्हणेल, गरीब देशाला दुसरे काय शक्य आहे? त्याला आम्ही थायलंडचे उदाहरण देऊ. तेथे २००२ साली सर्व जनतेला आरोग्यसेवेचा हक्क मिळाला. पण त्याची तयारी वीस वर्षे आधी सुरू झाली होती. ऐंशीच्या दशकात तेथील सरकारने काही वर्षे प्रांतांच्या मोठ्या रुग्णालयांवरचा नव्या बांधकामाचा खर्च थांबवला आणि तो पैसा तालुक्याच्या लहान रुग्णालयांना दिला. नव्या डॉक्टरांनी काही वर्षे खेड्यात काम करावे, हा नियम तर त्याही आधीचा. म्हणजे त्यांनी आधी विहीर खणली, मग पोहरा वाटला. आणि हक्क दिल्यावर दवाखान्याला पैसा दिला तो किती शस्त्रक्रिया केल्या यावर नव्हे, तर त्याच्या वाट्याला किती माणसे आहेत यावर, निदान रोजच्या उपचारांपुरता तरी. दवाखान्याचा फायदा माणूस बरा राहण्यात असावा, आजारी पडण्यात नसावा, हा त्यामागचा सरळ विचार आहे.

आपल्याकडे काही सुधारले नाही, असे नाही. आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोक स्वतःच्या खिशातून जो भाग देतात, तो २०१३-१४ साली शंभरात चौसष्ट रुपये होता. २०२१-२२ साली तो एकोणचाळीसवर आला. ही घट खरी आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. पण शंभरातले एकोणचाळीस हा साऱ्या देशाचा हिशेब झाला. जो रोजी बुडवून रांगेत उभा राहतो, त्याची बुडालेली रोजी या खर्चाच्या हिशेबात धरीत नाहीत.

तेव्हा मागावे काय? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, दर वर्षी सरकारने तालुकावार सांगावे, की योजनेचा किती पैसा कोणत्या तालुक्यातल्या माणसांवर आणि कोणत्या गावच्या रुग्णालयांत खर्च झाला. ज्या तालुक्याचा हप्ता गेला आणि काही परत आले नाही, तेथे पुढच्या वर्षी रुग्णालयाच्या खाटा आणि माणसे आधी द्यावीत. दुसरी, पहिला रुपया रोजच्या औषधाला. आरोग्य केंद्र आणि शहरातला वस्तीचा दवाखाना संध्याकाळी उघडा राहावा आणि गोळी महिनाभराची मिळावी. तिसरी, ‘हंगामी’ हा शब्द कायद्यातून काढावा. आज काम करणाऱ्या माणसाची नोंद राज्यभर ठेवता येते. चार महिन्यांची वर्गणी बारा महिने चालवणे १९४८ साली अवघड होते, आज तो बहाणा उरत नाही. गुलमंडीवरच्या कापडदुकानात तीन-चार नोकर असतात. दहाचा आकडा भरत नाही म्हणून तेही बाहेर राहतात. त्यांनाही आत घ्यावे.

आणि चौथी गोष्ट आम्ही सरकारकडे नव्हे, स्वतःच्या संघटनांकडे मागतो. ज्याचा पगार रेषेच्या वर गेला आहे त्याने दवाखान्याशी नाते तोडू नये. करार करताना मेडिक्लेमचा आकडा विचारतो, तसे चिकलठाण्यात आज किती डॉक्टर हजर होते, हेही विचारावे. हा प्रश्न जो मोठ्याने विचारू शकतो तोच निघून गेला, तर उरलेल्यांच्या तोंडाला आवाज राहत नाही. हे आम्ही एकदा करून पाहिले आहे.

व्याख्यानाला येताना तो हमाल पुन्हा भेटला. त्याला आता उत्तर देता येईल. तुझे कार्ड खोटे नाही, बाबा. ते मोठ्या आजाराचे कार्ड आहे आणि वेळ आली तर ते तुला सोडवील. पण तुझ्या बायकोच्या गोळीचा पैसा त्यात ठेवलेलाच नाही. तो ठेवायचा होता दवाखान्यात, आणि भोरांनी १९४६ साली तसे लिहूनही ठेवले होते. तो अजून पुरता ठेवलेला नाही. ही तुझी चूक नव्हे, आणि विधिलिखित तर मुळीच नव्हे. पैसा कोठे ठेवायचा हे माणसांनी ठरविलेले असते, आणि माणसांनी ठरविलेले माणसांना बदलता येते. येत्या शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण वस्तीच्या दवाखान्यासमोर जमणार आहोत, तो रात्री आठपर्यंत उघडा ठेवा एवढेच मागायला. श्रोत्यांपैकी ज्यांना हे पटले असेल त्यांनी यावे. गठ्ठे उतरल्यावर तोही येणार आहे.